सवय, वहिवाट आणि बाबासाहेब

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे आपल्याकडे म्हणतात. जी जात नाही ती जात, असेही म्हणतात. माणसे ही दोन्ही वाक्ये हसत हसत बोलतात, पण दोन्हींच्या पोटात समजूत एकच आहे. जे अंगवळणी पडले ते आता सुटायचे नाही. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या बोरीत हॉटेलाच्या बाकड्यावर आणि बसथांब्यावर ही समजूत आजही कानावर येते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पासष्ट वर्षांचे आयुष्य हे या समजुतीला दिलेले उत्तर आहे, असे आम्ही मानतो. त्यांच्या पदव्या, ग्रंथ आणि संविधानावरचे काम यांवर आपण पुष्कळ वाचले आहे. आज त्यांचे चरित्र सवय या एका धाग्याने सांगतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते आणि कबीरपंथी होते. घरात सकाळ-संध्याकाळ भजन असे आणि मुलांना त्यातून सुटका नसे. पुढे कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक, सरपण, झोपणे आणि अभ्यास, सगळे त्याच खोलीत. रामजींनी यावर एक तोड काढली. भीमाला संध्याकाळीच झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि त्याच्या जागेवर आपण झोपायचे. पुस्तकांसाठी पैसे नसले की रामजी लेकींकडे जात, त्यांचा दागिना उसना घेत आणि तो गहाण टाकून पुस्तक आणत.

बाबासाहेबांच्या अफाट वाचनाला लोक जन्मजात देणगी म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. बुद्धी त्यांचीच होती, पण ती सवय एका बापाने दिवा, वेळ आणि हातभर जागा यांची मांडणी करून घडवली होती. माणसाची सवय त्याच्या एकट्याच्या अंगात नसते. ती त्याच्या खोलीत असते, घरातल्या माणसांत असते, कोण कधी उठवतो यात असते. ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढे जाऊ, कारण जातीच्या बाबतीतही हेच खरे आहे.

त्याच मुलाला दुसरी सवयही लावली जात होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. तिथे बसायला घरून आणलेले तरटाचे बसकर होते. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहान मारायची. न्हावी केस कापत नसे म्हणून थोरली बहीण ओसरीवर बसवून केस कापी. हे सगळे त्या मुलाला ठाऊक होते. पण त्याबद्दल त्याने विचार केलेला नव्हता. पाऊस पडतो, ऊन पडते, तसे हेही असते, इतकेच. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत स्वतःबद्दल हे स्पष्ट लिहून ठेवले आहे. आमच्या मते त्यांच्या लिखाणातल्या सर्वांत महत्त्वाच्या कबुलींपैकी ही एक आहे. अन्यायाचीही सवय होते, आणि ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच ती आधी होते.

ती सवय १९०१ च्या उन्हाळ्यात मोडली. वडिलांच्या नोकरीच्या गावी जायला भाऊ आणि भाचरांबरोबर ते मसूर स्टेशनवर उतरले. नवे कपडे, जरीची टोपी, नीटनेटकी मुले. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो मागे सरला. विचार करून मागे सरला असे म्हणता येणार नाही, कारण विचाराला वेळच लागला नाही. पाय आधी हलले. नंतर दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या बोलीवर. रात्रभर पाणी मिळाले नाही. त्या प्रवासाने या मुलाला पहिल्यांदा विचार करायला लावले. एरवी जे गृहीत होते तो आता प्रश्न झाला.

हा प्रश्न घेऊन ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले आणि तिथे त्यांना जॉन ड्युई हे गुरू भेटले. सवय या विषयावर त्या काळी अमेरिकेत मोठा विचार चालू होता. विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात सांगितले होते की समाजाचा गाडा सवयीच्या जोरावर चालतो. कष्टाच्या आणि हलक्या कामात वाढलेली माणसे ते काम सोडून पळत नाहीत आणि गरीब श्रीमंतांवर उठत नाहीत, ते सवयीमुळेच. आपल्याकडची गावगाड्याची व्यवस्था जणू डोळ्यांपुढे ठेवूनच त्यांनी हे लिहिले असावे, असे वाटते. ड्युईंनी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या मते सवय ही वाईट गोष्ट नव्हे. सवयीशिवाय माणूस चालू शकणार नाही, लिहू शकणार नाही. बिघडते तेव्हा, जेव्हा सवयीतून बुद्धी निघून जाते आणि नुसते वळण उरते. आणि नुसत्या इच्छेने सवय सुटत नाही. वाकून उभे राहायची खोड असलेल्या माणसाने ताठ उभे राहायचे ठरवले म्हणून तो ताठ होत नाही. ज्या परिस्थितीने ती खोड लावली ती बदलावी लागते आणि शरीराला दुसरे काहीतरी करायला द्यावे लागते. ड्युईंचे यावरचे पुस्तक १९२२ मध्ये आले, तोवर बाबासाहेब अमेरिका सोडून गेले होते. पण विचाराचा हा बाज त्यांनी वर्गातच उचलला होता. ९ मे १९१६ रोजी वाचलेल्या जातिसंस्थेवरच्या निबंधात त्यांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आधार घेतला आणि जात एका वर्गाने बंद केलेल्या दारापासून सुरू होऊन अनुकरणाने खालपर्यंत कशी पसरली ते मांडले. कोणा एका मनूने ती लादली, हे त्यांना तेव्हाही मान्य नव्हते. वरच्याचे पाहून खालच्याने गिरवले, आणि गिरवता गिरवता अक्षर पक्के झाले.

परदेशातल्या वर्षांनी त्यांच्यावर आणखी एक परिणाम केला. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली. हेही त्यांनीच नोंदवले आहे. शेकडो पिढ्यांची म्हणवणारी गोष्ट, भोवतालची माणसे बदलताच चार-पाच वर्षांत नाहीशी झाली. १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याच्या स्टेशनवर उतरले तेव्हा कुठे राहायचे हा साधा प्रश्न उभा राहिला आणि ती जाणीव पुन्हा जागी झाली. त्यांची सवय गेली होती, बडोद्याची गेली नव्हती. पारशी खानावळीत नाव बदलून काढलेले दिवस, काठ्या घेऊन आलेला जमाव आणि बागेत बसून घालवलेले तास आपल्याला माहीत आहेत, ते पुन्हा सांगत नाही.

महाडबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केले. म्हणजे हक्क मिळाला होता. कागद होता, शिक्का होता. आणि तरी तीन वर्षे एकही अस्पृश्य माणूस त्या तळ्यावर पाणी प्यायला गेला नाही. सवर्णांची भीती होती हे खरेच. पण भीतीच्या खाली आणखी एक थर होता. त्या पायऱ्या आपल्या नव्हेत, हे पायांना माहीत होते. कायदा डोक्यापर्यंत पोचला होता, पायांपर्यंत पोचला नव्हता.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन त्या पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्याले. पाण्यावाचून कोणी मरत होते म्हणून हे केले नव्हते. एका ओंजळीने शरीराला नवी गोष्ट शिकवली. आधीच्या दिवशी त्याच परिषदेत त्यांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडा, उष्टे घेणे सोडा, स्वतःला नीच समजणे सोडा, असे सांगितले होते. या तीन गोष्टी एकत्र सांगण्यात शहाणपण होते. तिसरी गोष्ट एकटी सांगितली असती तर ती भाषणात राहिली असती. ती पोट आणि हात यांच्याशी बांधली म्हणून ती घराघरात गेली. ढोरे ओढणे सोडल्याने कातडे, शिंगे, खुरे मिळून किती रुपयांचे नुकसान होते, याचा हिशेब मांडणारे हितचिंतकही पुढे निघाले. त्या हिशेबाचा समाचार बाबासाहेबांनी नागपूरच्या १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणातसुद्धा घेतला. वाईट सवयीला नेहमी असा एखादा फायदा चिकटलेला असतो, त्यामुळे ती सोडणाऱ्याला मूर्ख ठरवणे सोपे जाते.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेला जमलेल्या स्त्रियांसमोर बाबासाहेब साडी नेसण्याच्या पद्धतीवर बोलले, अंगावरच्या कथलाच्या आणि पितळेच्या ढिगभर दागिन्यांवर बोलले. जात ओळखू यावी अशी जी नेसण्याची रीत होती ती स्त्रियांनी तिथल्या तिथे बदलली आणि घोट्यापर्यंत साडी नेसल्या. मनुस्मृतीच्या ज्वाळांची चित्रे आपण भिंतींवर लावतो, या साड्यांचे चित्र कोणी काढलेले आमच्या पाहण्यात नाही. काढायला हवे होते. पोथी जळाली ती एका रात्रीत, नेसण्याची रीत मात्र प्रत्येकीला रोज सकाळी नव्याने पाळायची होती, तीही गावच्या नजरेसमोर.

पुढची लढाई कोर्टात गेली. तळ्यावर जुनी वहिवाट आहे, अनादी काळापासून अस्पृश्य तिथे जात नाहीत, असा सनातन्यांचा दावा होता. वहिवाट म्हणजे तरी काय? समाजाची सवय, जिला कायद्याने मान द्यावा अशी मागणी असते. हा वाद दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. जे कायमचे म्हणून सांगितले जात होते ते कायमचे असल्याचा पुरावाच नव्हता. तथागतांची अनित्यता कोर्टाच्या कागदावर याहून साध्या भाषेत कधी लिहिली गेली असेल, असे वाटत नाही.

महाड मुंबई इलाख्यात होते. आमचा भाग निजामाच्या राज्यात होता, तिथे बोले ठरावही नव्हता. मराठवाड्याच्या गावांत महाराच्या वाट्याला येसकरकी होती. गावच्या वेशीची राखण, मयताचा सांगावा, सरकारी ओझे, मेलेले ढोर, आणि संध्याकाळी घरोघरी भाकर मागणे. रस्त्यात मोठ्या घरचा माणूस दिसला की जोहार. जोहार घालणारा प्रत्येक वेळी अपमान सोसत होता असे समजू नये. बहुतेक वेळा त्याला काहीच वाटत नसे, आणि घेणाऱ्यालाही काही वाटत नसे. कंबर आपोआप वाकायची. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये महार वतनाविरुद्ध विधेयक आणले ते म्हणूनच. बलुत्याची भाकर चालू आहे तोवर कंबर ताठ होणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. ३० डिसेंबर १९३८ रोजी ते औरंगाबाद जिल्ह्यातल्या मक्रणपूरच्या परिषदेला आले. जयभीम हा शब्द मराठवाड्यात हळूहळू जोहारच्या जागी बसला. आज आम्ही तो दिवसातून वीस वेळा उच्चारतो, त्यात विशेष काही वाटत नाही. आमच्या आज्यांना तो पहिल्यांदा उच्चारताना घसा कोरडा पडत असणार.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि तिथे कधीच न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी या सगळ्याचा तत्त्वज्ञानाच्या अंगाने हिशेब मांडला. त्यात ड्युईंचा गुरू म्हणून कृतज्ञ उल्लेख आहे. नियम आणि तत्त्व यांत त्यांनी फरक केला. नियम सांगितल्याप्रमाणे सवयीने पाळायचा असतो. तत्त्व हाती घेऊन माणसाने स्वतः निवड करायची असते, म्हणून चुकले तर जबाबदारीही त्याचीच. ज्या धर्मात नुसते नियम आहेत तो माणसाला जबाबदार होऊच देत नाही. इथे ते गुरूच्याही पुढे गेले असे आम्हाला वाटते. ड्युईंच्या विवेचनात सवय बदलायची तर परिस्थिती बदला यावर भर आहे. बाबासाहेबांनी दाखवले की भारतातल्या या सवयीला देवाचे संरक्षण आहे. शिवाशिव पाळणारा माणूस आपण दुष्ट आहोत असे समजत नाही, तो स्वतःला धार्मिक समजतो. तेव्हा सहभोजने करून भागणार नाही. त्या सवयीमागचे पावित्र्य काढून घ्यावे लागेल.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडतानाही त्यांनी हाच मुद्दा वेगळ्या रूपात ठेवला. घटनेशी इमान राखण्याची नीती निसर्गतः येत नाही, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. बोले ठरावाचे जे झाले ते संविधानाचे होऊ शकते, ही काळजी त्यामागे होती. म्हणून दोनच वर्षांत, १९५० च्या जूनमध्ये, औरंगाबादला त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, ज्याचे नाव पुढे मिलिंद झाले. परिसराला नागसेनवन म्हटले. खेड्यातला मुलगा तिथे येऊन राहिला की कोणाच्या दारात भाकर मागायची नाही आणि कोणाला बघून वाकायचे नाही, एवढे तरी नक्की होते. रामजींनी एका खोलीत जे केले ते इथे मराठवाड्यासाठी झाले.

मिलिंद आणि नागसेन ही नावे त्यांनी सहज निवडली नव्हती. मिलिंद राजाचा भदंत नागसेनांना प्रश्न होता, की आत्मा नाही तर माणूस तोच कसा राहतो? नागसेनांनी दिव्याचा दाखला दिला. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहाटेची ज्योत संध्याकाळची नव्हे आणि वेगळीही नव्हे. या विचारात सवयीचे मोल एकदम वाढते. आत्मा मानला तर सवय ही वरची धूळ ठरते, आतला माणूस वेगळाच. आत्मा नसेल तर आपण जे पुन्हा पुन्हा करतो, बोलतो, मनात आणतो, तेच आपण. मराठीत संस्कार हा शब्द चांगल्या घराण्याचा वारसा असल्यासारखा वापरतात. पालीतला संखार म्हणजे घडवले गेलेले, आणि म्हणूनच मोडणारे. मयताच्या वेळी आपण जी गाथा म्हणतो ती या संखारांच्या अनित्यतेचीच आहे. तिचा एक अर्थ दुःखाचा आहे. दुसरा अर्थ असा, की जातसुद्धा संखार आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली तेव्हा आमचे गाव हैदराबाद राज्यातच होते. १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला. दीक्षेचे वारे गावोगाव पोचले, लोकांनी देव्हाऱ्यातले टाक नदीला सोडले. बावीस प्रतिज्ञा नीट वाचल्या तर त्यांची रचना कळते. सुरुवातीला नकार आहेत, जुने देव, श्राद्ध, पिंडदान, ब्राह्मणाच्या हातचा विधी. पण नकाराने रिकामी झालेली जागा तशीच सोडलेली नाही. पुढे समता आहे, अष्टांग मार्ग आहे, दहा पारमिता, करुणा, पंचशील. अष्टांग मार्गातला सम्यक व्यायाम म्हणजे तरी काय? न उपजलेले अकुशल उपजू द्यायचे नाही, उपजलेले सोडायचे, न उपजलेले कुशल उपजवायचे, उपजलेले टिकवायचे. सवय मोडणे आणि लावणे याची याहून नेमकी रीत आमच्या वाचनात नाही.

धोका मात्र इथेही आहे, आणि तो तथागतांनीच सांगून ठेवला. दहा संयोजनांपैकी एक सीलब्बतपरामास आहे, म्हणजे शील आणि व्रत यांना नुसते कर्मकांड म्हणून चिकटणे. जी वंदना तोंडपाठ झाली आणि मनातून उतरली ती पुन्हा नियम झाली, तत्त्व राहिले नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनी प्रतिज्ञा मोठ्याने म्हणायच्या आणि लग्नाच्या वेळी मुहूर्त विचारायचा, मनगटावर धागा बांधायचा, हे आजच्या वस्त्यांतून दिसते. यावर चिडून लेख लिहिणारे पुष्कळ आहेत. चिडण्याने धागा सुटत नाही. भोवताली सगळा गाव, टीव्ही, शेजारपाजार आणि नोकरीतली माणसे जुन्याच वळणाने चालत असताना वर्षातून एक दिवस प्रतिज्ञा म्हणून वळण बदलणार नाही. आठवड्याची वंदना, तिच्यानंतर अर्धा तास एखाद्या पानावर बोलणे, पोरांना प्रश्न विचारू देणे, यासाठी जागा आणि वेळ ठरवावी लागेल. रामजींनी ठरवली होती तशी.

१९५२ च्या जूनमध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठाची सन्माननीय पदवी घेण्यासाठी पुन्हा न्यूयॉर्कला गेले. ड्युईंना भेटायची ओढ होती. १ जूनला ड्युई गेले आणि पदवीदान ५ जूनला झाले. गुरुशिष्यांची भेट राहिली.

पुढच्या चार वर्षांत मधुमेहाने शरीर पोखरले, पाय साथ देईनात, पण रात्रीचे वाचन सुटले नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवर त्यांनी बुद्धवंदना लावायला सांगितली आणि तिच्याबरोबर गुणगुणले. जेवण थोडेच गेले. मग काठीच्या आधाराने उठताना कबीराचे एक भजन ओठांवर आले, साठ वर्षांपूर्वी सुभेदारांच्या घरात म्हणायला लावत त्यांपैकी. वाटेत कपाटांतून काही पुस्तके काढून घेतली. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाच्या प्रस्तावनेची टंकलिखित प्रत त्यांनी पलंगाशेजारी मागवून घेतली होती. सकाळी ती तिथेच होती. ग्रंथ १९५७ मध्ये छापून आला.